स्फोट टिपला, पण कुठे?

महोदय,
गॅमा-किरण स्फोटाची, म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणाऱ्या गॅमा किरणांच्या अल्पकाळच्या प्रखर झोताची, बातमी ‘दुर्बिणीने टिपला’ एवढ्यावर संपते. खरी धावपळ तिथूनच सुरू होते, म्हणून जागा किती नेमकी कळली तेही छापावे.

इतक्या मोठ्या ऊर्जेचे गॅमा किरण भिंगाने एकवटत नाहीत. म्हणून २००४ मध्ये सोडलेल्या ‘स्विफ्ट’ या अवकाशयानावर दिशा कळण्यासाठी शिशाच्या पाच-पाच मिलिमीटरच्या चौकोनी तुकड्यांची विस्कळीत नक्षी आहे. तिची सावली खालच्या शोधकांवर कशी पडली यावरून दिशा काढतात. चूक अंशाच्या विसाव्या भागाइतकी. मग यान आपणहून वळते, बहुधा दीड मिनिटाच्या आत क्ष-किरण दुर्बीण रोखते आणि चूक अंशाच्या सुमारे हजाराव्या भागावर येते. सूर्य, चंद्र किंवा पृथ्वी आड आली, की वळणे लांबते.

‘फर्मी’ या दुसऱ्या अवकाश-दुर्बिणीचे स्फोट टिपणारे १४ शोधक आकाशाचा मोठा भाग पाहतात, पण जागा कित्येक अंशांनी चुकू शकते. तेवढ्या पट्ट्यात उत्तरदीप्ती (स्फोटामागून उरणारा प्रकाश) हुडकेपर्यंत ती विझत जाते: वेळ दसपट झाला की तेज साधारण दसपट उतरते. तिचा वर्णपट (प्रकाशाची रंगांनुसार फोड) हुकला तर बहुतेकदा त्यावरून कळणारे स्फोटाचे अंतरही हुकते.

अतिप्रखरताही नडते. ९ ऑक्टोबर २०२२ च्या स्फोटात ‘फर्मी’चे शोधक तुंबले आणि ऐन शिखराची मोजणी बिघडली.

– एक खगोल-अभ्यासक