बाबांची गाडी पुन्हा बसण्याजोगी झाली, आभार!

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात बाबांची मारुती ८०० पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी होती. दसऱ्याला पूजेसाठी दार उघडलं आणि उंदरांच्या मुताचा असा भपकारा आला की आई मागेच सरली.

गॅरेजवाल्या दादा, तुमचे आभार कुठून सुरू करू? मी झाडू घेऊन आत शिरणार, तेवढ्यात तुम्ही हात धरलात. "कोरडं झाडायचं नाही, धूळ छातीत जाते." मास्क आणि हातमोजे दिलेत, सगळी दारं उघडून ठेवलीत. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी घरट्यावर फवारून पाच मिनिटं मुरू दिलंत. मगच ओल्या कागदाने उचललंत.

खरं घर ब्लोअरमध्ये होतं. सीटचा फोम, शेंगांची टरफलं आणि बाबांच्या अक्षरातल्या पेट्रोलच्या हिशेबाचे कपटे. त्यातला 'सीताबर्डी' लिहिलेला एक कपटा तुमच्या पोराने वेगळा काढून माझ्या हातावर ठेवला. हे मी कधीच विसरणार नाही.

कुरतडलेल्या वायरी तुम्ही जोडल्यात. सीटकव्हरवाल्या काकांनी गालिचाखालचा कुजलेला नमदा काढून नवा घातला, वास खरा तिथेच मुरला होता. शेजारच्या काकूंनी सीटवर रात्रभर खायचा सोडा पसरला, चार दिवस उन्हात गाडीची राखण केली.

काल आईला घेऊन तेलंगखेडीला गेलो. तिने काच खाली केली नाही.