टेंभी नाक्यावरून परराष्ट्रमंत्र्यांना

मा. परराष्ट्रमंत्री डॉ. एस. जयशंकर यांस,

स.न.वि.वि.

ज्यूद्वेषाविरुद्ध भारताने काय करावं, याबद्दल हे पत्र. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. आमच्या शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, मावशी तिथे जायच्या आणि घरी मलिदा झाला की आमच्याकडे ताट यायचं. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनिवारी बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. वेगळं नाव दिलं, पण गावाबाहेर काढलं नाही. जगापुढे सांगण्यासारखं हे आपल्याकडे आहे, साहेब, आणि आपण ते पुरेसं सांगत नाही.

मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात २००८ साली, २६/११च्या हल्ल्यात, रब्बी (ज्यू धर्मगुरू) होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का मारल्या गेल्या. ती जागा हेरणारा डेव्हिड हेडली अमेरिकेचा नागरिक. त्याचा साथीदार तहव्वूर राणा भारताच्या हाती लागायला एप्रिल २०२५ उजाडलं. एवढ्या देशांत पसरलेला कट एकटे पोलीस निस्तरू शकत नाहीत. ते काम वकिलातींचंही आहे.

अमेरिकेने २००४ साली कायदा करून ज्यूद्वेषावर लक्ष ठेवायला खास दूताचं पद निर्माण केलं. युरोपीय आयोगात २०१५ पासून याच कामासाठी समन्वयक आहे. मेलबर्नचं सिनेगॉग जाळण्यामागे इराण असल्याचं सांगून ऑस्ट्रेलियाने गेल्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, इराणच्या राजदूताला परत पाठवलं. इराणने आरोप नाकारला. आपलं तेहरानशीही बोलणं आहे आणि जेरुसलेमशीही. असं दोन्ही दारांत उभं राहता येणारे देश थोडे. म्हणून विनंती एकच : आपल्या मंत्रालयात ज्यूद्वेषाविरुद्धच्या कामासाठी राजदूताच्या दर्जाचा अधिकारी नेमा.

गाझातल्या लेकरांसाठी माझाही जीव तुटतो. इस्रायल सरकारवर टीका करायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्याचा राग प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्यावर काढणं हा निव्वळ द्वेष आहे, आणि हा फरक भारताने संयुक्त राष्ट्रांत ठासून सांगायला हवा.

समजावून फरक पडतो, हे आम्ही इथेच पाहिलंय. २००६ साली खारघरला हिटलरच्या नावाचं हॉटेल उघडलं होतं. ज्यू मंडळी मालकाशी बोलली, इस्रायली वकिलातीनेही हरकत घेतली, आणि थोड्याच दिवसांत नाव बदललं. आपल्याकडे हिटलरचं कौतुक बहुधा अज्ञानातून होतं, असं मला वाटतं.

मावशी आता इस्रायलमध्ये अश्दोदला मुलाकडे असतात. फोनवर अजून मराठीतच विचारतात, "सिनेगॉगबाहेर पोलीस आहेत ना गं?" नेमलेल्या अधिकाऱ्याला आधी ठाण्यात पाठवा. इथल्या बेने इस्रायलींशी बोलूनच कामाला लागू दे.

आपली,
ठाण्याची एक रहिवासी