"वय झालं" असं तू म्हणाली नाहीस

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. चारचौघांत कुणाचं नाव घ्यायचं तर आधी विचारावं लागतं, आणि विचारलं असतं तर तू "राहू द्या हो काकू" म्हणाली असतीस. साताऱ्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी मुलगी, एवढं पुरे. वाचशील तेव्हा तुला कळेलच.

पत्राला दीड वर्ष उशीर झाला. सलग पानभर हाताने लिहिता येईल तेव्हाच तुला लिहायचं, असं मी हॉस्पिटलच्या खाटेवरच ठरवलं होतं. हे आधी वहीत लिहिलंय. चार बैठकी लागल्या, पण अक्षर माझंच आहे. टाइप तेवढं नातवाने केलं.

फेब्रुवारीत तुझ्याकडे आले ती तिसरा चष्मा करायला. दिवाळीनंतर दोन ठिकाणी दोन चष्मे झाले होते आणि दोन्ही कपाटात पडून होते. संध्याकाळी पोवई नाक्यावर रस्ता ओलांडायला उभी राहिले की समोरून येणारी एक रिक्षा मला दोन दिसायच्या, एक किंचित वर, एक खाली. डाव्या डोळ्याची पापणी उतरायची. भाकरी चावता चावता जबडा असा थकायचा की हनुवटीला हात लावून घास संपवायचा. भजनात चौथ्या-पाचव्या अभंगाला आवाज नाकातून यायला लागायचा, म्हणून मी मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवायला लागले होते.

ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी एकच उत्तर दिलं. काकू, सदुसष्ट म्हणजे वय झालं आता. एका दवाखान्यात ऐकलं, शेजारणीकडून ऐकलं, घरी ह्यांनीही काळजीपोटी तेच म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मीच मला तेच सांगत होते. पापणी उतरली, वय. घास गिळवत नाही, वय. या एका शब्दात सगळं बसतं, म्हणून पुढे कुणी काही विचारतच नाही.

तू विचारलंस. आधी एक डोळा झाकायला लावलास, मग दुसरा. "आता किती दिसतात?" एक. "आणि आता?" एकच. "दोन्ही उघडे ठेवले की दोन?" हो. तेव्हा तू हातातली काच ट्रेमध्ये ठेवलीस आणि म्हणालीस, "काकू, हे नंबरचं काम दिसत नाही." मग विचारलंस, "सकाळी उठल्यावर कसं असतं?"

हा प्रश्न मला तोवर एकानेही विचारला नव्हता. सकाळी सगळं छान असायचं. सकाळी मी पेपर वाचायचे, भाजी निवडायचे आणि काल उगाच घाबरलो असं म्हणायचे. दवाखान्यात जायचे तेही सकाळीच, त्यामुळे तिथे कुणाला काही दिसायचंच नाही. तुझ्याकडे मात्र मी संध्याकाळी साडेसहाला आले होते.

पुढची दहा मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. तू मला पापणी न लववता छताच्या पंख्याकडे बघायला सांगितलंस. मिनिटभरात डावी पापणी पडदा सोडावा तशी खाली आली. तू मोबाइलवर फोटो काढलास. मग दुकानातल्या मुलाला शेजारच्या ज्यूस सेंटरमधून बर्फ आणायला पाठवलंस, स्वतःच्या रुमालात गुंडाळलास आणि माझ्या मिटल्या डोळ्यावर धरलास. घड्याळ लावून दोन मिनिटं. पाणी गालावरून पदरावर गळत होतं आणि तू दुसऱ्या हाताने ते टिपत होतीस. बर्फ काढलास आणि आरसा पुढे केलास. दोन्ही डोळे सारखे उघडे होते. तीन महिन्यांत मी संध्याकाळी माझा असा चेहरा पाहिला नव्हता. तू दुसरा फोटो काढलास.

तिसरा चष्मा तू करून दिला नाहीस. तपासणीचे पैसेही घेतले नाहीस. दुकानाच्या छापील पॅडवर लिहिलंस, "न्यूरोलॉजिस्टना दाखवा. मायस्थेनिया ग्रॅव्हिस?" (स्नायू लवकर थकून दुबळे होण्याचा आजार, हे मला नंतर कळलं) आणि खाली एक ओळ मराठीत, मोठ्या अक्षरात: गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर तारखेची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा.

पुण्याची तारीख अकरा दिवसांनंतरची मिळाली. मधे मला खोकला झाला आणि जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. फ्लुरोक्विनोलोन नावाच्या गटातलं, रोज हजारो लोकांना दिलं जाणारं. या आजारात त्या गटाची औषधं स्नायू आणखी दुबळे करू शकतात, हे मला पुढे समजलं. त्या डॉक्टरांना बोल लावावा असं मला वाटत नाही. खोकल्यासाठी गेले म्हणून मी पापणीबद्दल त्यांना एक अक्षर बोलले नव्हते. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला हा आजार असेल तर मात्र कळकळीने सांगते, कोणत्याही डॉक्टरांकडे, अगदी दात काढायला गेलात तरी, आधी आजाराचं नाव सांगा.

सातव्या रात्री चहाचा घोट नाकातून परत आला. मान उभी राहीना, हनुवटी छातीला टेकली. मुलगा म्हणाला, सकाळ होऊ दे, लगेच जाऊ. त्याचंही चुकलं नव्हतं, दर सकाळी मी बरी होत होते हे त्याने पाहिलं होतं. मला बोलता येत नव्हतं. मी फ्रिजकडे बोट केलं. तुझी चिठ्ठी सुनेने तिथे लोहचुंबकाखाली लावून ठेवली होती. त्याने ती वाचली आणि गाडीची किल्ली उचलली.

इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, एका श्वासात जमतील तेवढे आकडे म्हणा. वर्गाला एका दमात पन्नासपर्यंत म्हणायला लावणारी मी अकरावर थांबले. सुनेने तुझे दोन फोटो दाखवले, बर्फाआधीचा आणि नंतरचा. त्या डॉक्टरांनी ते मोठे करून पाहिले आणि तिथून पुढे कुणी वेळ घालवला नाही. ऑक्सिजन लावून रात्रीतच पुण्याला हलवलं. खंबाटकीचा बोगदा गेला तेवढं कळलं.

नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. या आजारात फक्त स्नायू साथ सोडतात, बाकी सगळं शाबूत राहतं. मला ऐकू येत होतं, स्पर्श कळत होता, कुणी पायांवरचं पांघरूण नीट केलं तेही कळत होतं. डोळे उघडता येत नव्हते, एवढंच. तिथली एक सिस्टर बोलताना नेहमी आधी माझी पापणी बोटाने उचलायची, स्वतःचा चेहरा दाखवायची आणि मग बोलायची. तिचे आभार कसे मानावेत हे अजून सुचलेलं नाही.

पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन दिलं. माझं वजन ५५ किलो, म्हणून रोज २२ ग्रॅम. हे औषध हजारो माणसांनी दिलेल्या रक्तद्रवातून वेगळं काढतात. मुलाने त्यासाठी ठेव मोडली, ते त्याने मला तीन महिन्यांनी सांगितलं. बाटली थेंब थेंब उतरताना मनात यायचं, ही कोण माणसं असतील, कुठल्या गावची असतील, आणि त्यांतल्या कितींना माहीत असेल की आपलं काहीतरी आत्ता साताऱ्याच्या एका बाईच्या शिरेत चाललंय.

पुढे सगळ्या तपासण्या झाल्या. रक्तात या आजाराची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, सापडली. हाताच्या नसेला लागोपाठ बारीक शॉक दिले की दर शॉकागणिक स्नायूचा प्रतिसाद कमी होत गेला. छातीचं सीटी स्कॅन झालं, कारण काही जणांना थायमस ग्रंथीत गाठ असते. मला नव्हती. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, हा आजार तरुण बायकांना होतो आणि साठीनंतर बायका-पुरुष दोघांनाही होतो. साठीनंतर तो हमखास निसटतो, कारण तेव्हा सगळ्यालाच म्हातारपण म्हणतात. तेव्हा मला पुन्हा तुझी आठवण झाली.

एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळे नेमकं काय बिघडलंय हे समजल्याशिवाय मला चैन पडेना. नस स्नायूला निरोप पाठवते तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या हाती. स्नायूवर त्याच्या बसायच्या जागा असतात. माझ्याच शरीराची प्रतिपिंडं त्या जागा अडवतात, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तशी, आणि काही सीटा तर मोडूनच टाकतात. पहिले थोडे निरोप पोचतात, मग कमी पडत जातात. म्हणून सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट. गारव्याने ॲसिटिलकोलीनचा नाश करणारं विकर मंदावतं, निरोप जास्त वेळ टिकतो, आणि पापणी उचलली जाते. तुझ्या रुमालातल्या बर्फाने एवढं केलं होतं.

वाचता वाचता १९३४ सालची एक गोष्ट सापडली, ती तुला सांगायचीच होती. लंडनमधल्या ग्रीनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयात डॉ. मेरी वॉकर होत्या. हा आजार क्युरारे या विषाच्या बाधेसारखा दिसतो, तर त्या विषावरचा उतारा इथे का चालू नये, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी एका बाईंना फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि पडलेली पापणी वर आली. मी दिवसातून चार वेळा घेते ती पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच कुळातली. शरीर स्वतःवरच उलटतं म्हणून हे होतं, हे कळायला त्यानंतरही चाळीसेक वर्षं लागली. १९७३ साली पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम या दोन शास्त्रज्ञांनी विजेरी ईल माशापासून काढलेले ग्राहक, म्हणजे ॲसिटिलकोलीनच्या त्या बसायच्या जागा, सशांना टोचले, आणि ससे माझ्यासारखेच ढेपाळले. शाळेत असते तर यावर एक अख्खा तास घेतला असता.

घरी आल्यानंतरचे महिने सोपे नव्हते. स्टिरॉइडने चेहरा सुजला, साखर वाढली, रात्री तीनला टक्क जाग यायची. अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध सुरू झालं, पण त्याचा गुण यायला सहा महिने, वर्षही लागतं, आणि तोवर दर महिन्याला रक्त तपासायचं. जेवणाआधी पाऊण तास गोळी, मग जेवण, तेही गोळीचा असर उतरायच्या आत. भाकरी दुधात कुस्करून. कडक पाण्याने अंघोळ बंद, कारण उष्ण पाण्याने हातपाय गळायचे. मुलाच्या एका मित्राने सांगितलं, अमिताभ बच्चन यांनाही हाच आजार झाला होता. त्या आठवड्यात ह्यांनी त्यांचे तीन सिनेमे लावले.

मला सगळ्यात जड गेलं ते हसू. ओठ वर उचलले जायचे नाहीत. मनापासून हसले तरी चेहऱ्यावर ते चिडल्यासारखं दिसायचं. पाच वर्षांची नात एकदा म्हणाली, "आजी, तू माझ्यावर रागावलीस का?" मी त्या दिवशी देवघरात जाऊन रडले.

त्याच सुमारास तू घरी आलीस. पुण्याहून आल्याचं तुला सुनेने कळवलं होतं. आल्यावर माझा कपाटातला जुना चष्मा मागितलास आणि डाव्या काचेवर आतून धुरकट चिकटपट्टी कापून इतकी नेटकी लावलीस की बाहेरून कळूही नये. "दोन दिसणं थांबेपर्यंत हा घाला, काकू. पेपर वाचता येईल." पाच मिनिटांचं काम. पण अडीच महिन्यांनी मी पहिल्यांदा अग्रलेख संपवला. निघताना तू जिन्यावरून परत वर आलीस आणि विचारलंस, "आकडे म्हणता का रोज?" तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ एका श्वासात म्हणते आणि वहीत मांडते. त्या दिवशी १९ होते. काल ४२.

आता स्टिरॉइड ४० वरून ५ मिलिग्रॅमवर आलंय. आजार गेलेला नाही, तो जाईल असं कुणी म्हणतही नाही, पण भजनात मी पुन्हा पुढे बसते. आठ अभंग होतात. नवव्याला थांबते. डोंगरावरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चालत जाऊन येते, वर कठड्यावर बसून शहर बघते आणि मग उतरते. एकाला एकच शहर दिसतं. नातीला माझं हसू आता ओळखू येतं.

तुझ्या दुकानाच्या मालकांनाही नमस्कार सांग. आलेलं गिऱ्हाईक चष्मा न करता परत पाठवायची मुभा त्यांनी तुला दिली, हेही काही थोडं नाही. आणि तुझ्या आईवडिलांना सांग, की साताऱ्यात एक म्हातारी रोज दिवा लावताना त्यांच्या लेकीचं नाव घेते.

एक काम राहिलंय. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, सहा महिने नजर स्थिर आहे, आता वाचायचा चष्मा बदलून घ्यायला हरकत नाही. मी बुधवारी येते. संध्याकाळी साडेसहालाच येते, म्हणजे तुला पापणी नीट बघता येईल. या वेळी पैसे घ्यायचे, त्यावर वाद नको. येताना कंदी पेढे आणते.

तुझी,
काकू