मोहरीला जनुक देणाऱ्या समुद्री जीवाकडेही बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

समुद्री प्रोटिस्ट (एकपेशी सूक्ष्म जीव) आणि वनस्पतींचं रेण्वीय जीवशास्त्र अशा दोन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्या शास्त्रज्ञावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मोहरीत डीएचए (माशांच्या तेलातलं ओमेगा-३ मेदाम्ल) तयार करण्याचा भाग चांगला उतरला आहे. पण ज्या जीवापासून हे सगळं सुरू झालं तो थ्रॉस्टोकायट्रिड (असाच एक प्रोटिस्ट) एका ओळीत आटोपला, तोही शेवाळ म्हणून. त्याच्यात हरितलवकं नसतात. गळून पाण्यात पडलेल्या पानांवर तो जगतो, म्हणूनच कारखान्यात त्याला उन्हातली तळी लागत नाहीत. बंद टाक्यांत ग्लुकोजवर वाढवतात.

मोहरीच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं: १८ कार्बन, ३ दुहेरी बंध. डीएचएत २२ कार्बन आणि ६ बंध. मधली वाट काढायला तीन डिसॅच्युरेज (दुहेरी बंध घालणारी विकरं) आणि दोन इलाँगेज (साखळी लांबवणारी विकरं) लागतात. यातलं शेवटचं, डेल्टा-४ डिसॅच्युरेज, थ्रॉस्टोकायट्रियम या थ्रॉस्टोकायट्रिडातून मिळालं आणि २००१ साली यीस्टमध्ये व राई या मोहरीच्या जातीत तपासलं गेलं. २००५ साली विकरांची अख्खी साखळी मोहरीत बसवली, तरी डीएचए बियांतल्या मेदाम्लांच्या दीड टक्क्याच्या आसपासच अडकलं. कारण असं की बहुतेक डिसॅच्युरेज पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिड या मेदावर काम करतात आणि इलाँगेज कोएन्झाइम-ए (आम्ल वाहून नेणारा रेणू) जोडलेल्या आम्लावर. माल दर टप्प्याला इकडून तिकडे न्यावा लागतो आणि तिथेच तुंबतो. पुढे थेट कोएन्झाइम-एवर चालणारं डिसॅच्युरेज एका सूक्ष्म शैवालातून घेतल्यावर कोंडी फुटली. ऑस्ट्रेलियात २०१८ साली अशा कॅनोलाच्या (मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या पिकाच्या) लागवडीला परवानगी मिळाली. थ्रॉस्टोकायट्रिडांच्याच कुळातल्या शायझोकायट्रियमला मात्र ही ने-आण करावीच लागत नाही. त्याचं पीयूएफए सिंथेज हे विकर कार्बनची साखळी बांधतानाच दुहेरी बंध घालत जातं.

थ्रॉस्टोकायट्रिड बडोद्यापासून दूर नाही. महीच्या मुखाशी, कंबोईच्या बाजूला तिवरांचा (इथे चेर म्हणतात) चिखल आहे. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी त्याचा शोध तिथून सुरू करावा असं आम्हाला मनापासून वाटतं. वनखात्याची परवानगी आधी काढावी, फांदी तोडू नये. पाण्यात पडलेलं पिवळं-तपकिरी पान घ्यावं. पार काळं पडलेलं नको, त्यावर जीवाणूंचाच थर असतो. पान निर्जंतुक समुद्रपाण्याने दोन-तीनदा धुऊन एक सेंटिमीटरचे तुकडे करावेत. पेट्री डिशमध्ये २० मिली निर्जंतुक समुद्रपाणी, त्यात तुकडे आणि वर आमिष म्हणून चिमूटभर निर्जंतुक केलेले पाइनचे परागकण. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन लिटरला सुमारे अर्धा ग्रॅम प्रत्येकी, पण ऑटोक्लेव्ह केलेलं (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेलं) पाणी थंड झाल्यावरच, कारण पेनिसिलिन उष्णतेने निकामी होतं. २५ अंशांच्या आसपास तीन ते सात दिवस ठेवावं.

पाइनचाच पराग का? त्याला दोन हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे तो तरंगतो. खंबातच्या आखातातला गाळ तळाशी बसतो आणि वरून स्वच्छ पराग उचलता येतो. ४०० पट मोठं करून पाहिलं की कणाला चिकटलेले गोल पेशीपुंज दिसतात, साधारण १० ते ३० मायक्रॉनचे. त्यांतून निघालेलं बारीक जाळं परागाच्या आत शिरलेलं असतं. ते सहज दिसत नाही. प्रकाश कमी करून बघावं.

बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, मुलं सवयीने नळाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने धुतात. या जीवांना सोडियम लागतंच, पोटॅशियमवर भागत नाही; आणि भित्तिका नसलेले चलबीजाणू (पोहणारे बीजाणू) गोड्या पाण्यात फुटतात. दुसरं, घाई करून डीएनए थेट पानातून काढतात. तिवराची टॅनिन पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) बंद पाडतात, आणि सीटीएबीत (डीएनए काढण्याच्या द्रावणात) पीव्हीपी (टॅनिन धरून ठेवणारा पदार्थ) घालून ती आवरली तरी सर्वसामान्य प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे तुकडे) तिवराचाच १८एस हा ओळख पटवणारा जनुक वाढवतात. आधी परागावरून आगरवर शुद्ध वाढ मिळवावी. माध्यमात पेप्टोन आणि यीस्ट अर्क बेताचेच ठेवावेत, नाहीतर जीवाणू रातोरात फोफावतात.

वनस्पतिशास्त्र विभाग या जीवाला आपलं म्हणत नाही आणि प्राणिशास्त्रही म्हणत नाही, ही अडचण विभागप्रमुखांनीच सोडवायला हवी. आपल्याकडून मागणी एवढीच: पुरवणीत शालेय-महाविद्यालयीन प्रकल्पांच्या पानावर आखाताच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात. तिथलं पाणी फार वेगाने चढतं आणि चिखलात पाय रुतलेला असताना परतायला वेळ मिळत नाही.

आपल्या,
वनस्पतिशास्त्राच्या दोन निवृत्त प्राध्यापिका
दांडिया बाजार, बडोदा