हेडफोनचा जॅक स्पीकरच्या वायरला जोडू नका

महोदय,

लांबच्या प्रवासात मागे बसलेल्यांना गाणी हवी असतात आणि गाडी चालवणाऱ्याला शांतता. म्हणून मागच्या सीटसाठी हेडफोनचे जॅक आणि प्रत्येकाला आवाजाचा वेगळा नॉब बसवून घेणारे बरेच जण असतात. मागणी रास्त आहे. ‘ब्लूटूथचे इयरफोन घ्या’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. गाडीतले बहुतेक स्टिरिओ ब्लूटूथवरून आवाज घेतात, पुढे पाठवत नाहीत. वायर टाकणं हाच सरळ मार्ग आहे. पण ही वायर अनेक ठिकाणी अशी जोडली जाते की स्टिरिओ, हेडफोन आणि कान या तिन्हींना धोका होतो. म्हणून हे पत्र.

सर्रास होणारं काम असं: मागच्या स्पीकरच्या वायरी कापायच्या, डाव्या-उजव्या दोन्हींच्या मायनस एकत्र पिळून जॅकच्या ग्राउंडला (दोन्ही बाजूंच्या सामायिक टोकाला) डाखायच्या आणि दोन्ही प्लस जॅकच्या उरलेल्या दोन टोकांना. घरच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर हे बहुधा खपून जायचं. गाडीत नाही. गाडीच्या स्टिरिओत स्पीकरची मायनस वायर म्हणजे ग्राउंड नव्हे. प्लस आणि मायनस या दोन्ही वायरींवर ॲम्प्लिफायरचं आउटपुट असतं आणि बॉडीच्या तुलनेत दोन्हींवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे साधारण ६ ते ७ व्होल्ट डीसी उभा असतो. डाव्या-उजव्या मायनस एकत्र केल्या की दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. टीडीए ७३८८ सारख्या ॲम्प्लिफायरच्या आयसीत (चिपमध्ये) चारही चॅनल एकाच तुकड्यात असतात, त्यामुळे एक चूक झाली की चारही स्पीकर गप्प. आयसीत संरक्षण असलं तर आवाज तुटक येतो आणि सेट तापतो. नसलं तर सेट उघडावाच लागतो. जॅकची धातूची बाही, म्हणजे त्याचं ग्राउंडचं टोक, गाडीच्या पत्र्याला टेकली तर तो डीसी थेट ३२ ओहमच्या हेडफोनमधून वाहतो: दीड वॅट, तोही सतत. कॉइल जळायला तेवढं पुरतं.

वायरिंग नीट केलं तरी ताकदीचा प्रश्न उरतोच. स्पीकरच्या चॅनलला ४ ओहमवर १८ वॅट मिळतात तेव्हा तिथे सुमारे साडेआठ व्होल्ट असतात. हेडफोनला १ मिलिवॅटवर साधारण १०० डेसिबल मिळतात, आणि त्यासाठी ३२ ओहमवर ०.१८ व्होल्ट पुरतो. मध्ये शंभर ओहमचा एखादा रेझिस्टर घातल्याने हा फरक भरून निघत नाही.

आवाज घ्यायचा तो स्टिरिओच्या मागच्या आरसीए प्री-आउटमधून, म्हणजे बाहेरच्या ॲम्प्लिफायरसाठी दिलेल्या कमी ताकदीच्या आउटपुटमधून. तिथला सिग्नल ग्राउंडशी बांधलेला असतो आणि बऱ्याच सेटमध्ये कमाल २ व्होल्टपर्यंत जातो. कंपनीच्या सेटला प्री-आउट नसेल तर मागच्या स्पीकरच्या वायरींवर ट्रान्सफॉर्मर असलेला हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा मोठा सिग्नल प्री-आउटएवढा लहान करणारा) लावावा. ट्रान्सफॉर्मर असलेलाच घ्यावा, कारण डीसी आणि सामायिक ग्राउंड हे दोन्ही प्रश्न तोच सोडवतो.

पुढे प्रत्येक जॅकला एक ४५५६ हा दुहेरी ऑप-ॲम्प, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंसाठी दोन छोटे ॲम्प्लिफायर असलेली आयसी. तो ७० मिलिॲम्पियरपर्यंत करंट देतो, हेडफोनला भरपूर झालं. पिन २ आणि १ जोडा, ६ आणि ७ जोडा. म्हणजे आवाज न वाढवता फक्त ताकद मिळते. पिन ८ ला ९ व्होल्ट, ४ ला ग्राउंड, आणि या दोन पिनांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिन ३ आणि ५ ला १०० के (किलोओहम) मधून साडेचार व्होल्ट द्यायचे. ते दोन १० के रेझिस्टरने ९ व्होल्ट अर्धे करून मिळतात. त्या मधल्या टोकावर २२० मायक्रोफॅरड लावला की चावी फिरवल्यावर कानात बसणारा ठोका सौम्य होतो. आउटपुटला ४७० मायक्रोफॅरड, प्लस आयसीकडे, मग १० ओहम, मग जॅक. जॅकच्या टोकापासून ग्राउंडला १० के, नाहीतर पिन खोचताना फट्ट आवाज येतो.

बाजारात दहा मिनिटांत मिळणारे तयार बोर्ड मोह घालतात, पण पीएएम ८४०३ च्या छोट्या बोर्डाचं आउटपुटही गाडीच्या स्टिरिओसारखंच असतं. त्याच्या दोन्ही मायनस जॅकवर एकत्र करता येत नाहीत. टीडीए २८२२ एम जोडता येतो, पण तो आवाज जवळपास ९० पट वाढवतो आणि शांत जागी हेडफोनमध्ये सतत सूं ऐकू येतं.

नॉब ५० के चा, स्टिरिओ (डावी-उजवी बाजू एकत्र फिरवणारा) आणि लॉग (कानाला आवाज सारखा वाढल्यासारखा वाटेल असा) घ्यावा. लिनिअर घेतला तर पहिल्या पाव फेरीतच सगळा आवाज येऊन जातो आणि पुढे फिरवून काही फरक जाणवत नाही. नॉब ऑप-ॲम्पच्या आधी हवा, हेडफोनच्या आधी नको. मधल्या टोकातून १ मायक्रोफॅरडने पिन ३ आणि ५ कडे जा. आणि नॉबच्या वरच्या टोकाआधी, दोन्ही बाजूंना, ४७० के चा रेझिस्टर घाला. सगळ्या जोडणीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि सहसा तोच गाळला जातो. तो असला की २ व्होल्ट प्री-आउटचा सेट पूर्ण आवाजावर आणि नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी हेडफोनवर ०.१ व्होल्टच्या आसपास येतात, म्हणजे वर सांगितलेल्या हेडफोनवर फार तर ९५ डेसिबल, तेही शिखरावर. गाण्याची सरासरी त्याहून बरीच खाली राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आठवड्याला ४० तास ऐकण्यासाठी मोठ्यांना ८० आणि मुलांना ७५ डेसिबलची मर्यादा आहे. गाडीच्या घरघरीवर मात करायला मुलं नॉब शेवटपर्यंत नेणारच, तेव्हा मर्यादा सर्किटमध्येच हवी. आवाज कमी पडतो म्हणून ४७० के च्या जागी २२० के लावला तर ही मर्यादा ६ डेसिबलने वर जाते, हे ध्यानात घेऊनच लावावा. हा रेझिस्टर सेटजवळ नको, नॉबजवळच हवा. म्हणजे वायरीत शिरलेली खरखरही सिग्नलबरोबर तेवढीच कमी होते.

बहुतेक सेटमध्ये प्री-आउटचा आवाज मुख्य व्हॉल्यूमबरोबर वर-खाली होतो. म्हणून मागचे स्पीकर सुटे करून मागचं प्री-आउट वापरावं, फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा समतोल) मागे सरकवावा आणि मुख्य व्हॉल्यूम वर ठेवावा. पुढे चालवणाऱ्याला हवा तेवढाच आवाज राहतो. कन्व्हर्टर वापरला असेल तर तो तसाच जोडलेला ठेवून फक्त स्पीकरकडे जाणारी वायर तोडावी.

वीज सेटच्या मागच्या आयएसओ कनेक्टरच्या लाल वायरीतून, म्हणजे चावीबरोबर बंद होणाऱ्या पुरवठ्यातून घ्यावी. काही गाड्यांत लाल आणि बॅटरीला कायम जोडलेल्या पिवळ्या वायरीची अदलाबदल असते, मीटरने बघूनच जोडा. अर्ध्या ॲम्पियरचा फ्यूज, १एन४००७ डायोड, ४७० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि ९ व्होल्ट देणारा ७८०९ रेग्युलेटर. तीन जॅकला एवढ्यावर हीटसिंक लागत नाही. ग्राउंड मात्र सेटच्या काळ्या वायरीवरच. जवळ सापडलेल्या सीटच्या बोल्टवर ग्राउंड घेतला की इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी-उतरणारी अल्टरनेटरची शिटी कानात येते. जॅक प्लास्टिकच्या बॉडीचे याचसाठी, म्हणजे पत्र्यावरून दुसरा ग्राउंड तयार होत नाही. सिग्नलची शिल्डची (जाळीचं आवरण असलेली) वायर दाराखालच्या पट्टीतून न्यावी, सीटच्या रुळावरून नाही. आणि पिवळ्या कनेक्टरला हात लावू नये, ती एअरबॅगची जोडणी असते.

काम झाल्यावर हेडफोन लगेच खोचू नये. आधी मीटर डीसीवर ठेवून जॅकची टोकं तपासा: सुरुवातीचा झटका ओसरल्यावर काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत. मग जॅकवर ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पेनड्राइव्हवरचा १०० हर्ट्झचा सूर वाजवा आणि एसी मोजा. सगळं पूर्ण वर असताना ०.१ व्होल्टच्या फार पुढे गेलं तर रेझिस्टर चुकला आहे. गाणं लावल्यावर गायक गायब आणि बाजूची वाद्यं तेवढी ऐकू आली, तर जॅकचं ग्राउंड तुटलेलं असतं: डावी-उजवी बाजू मालिकेत जोडली जाते आणि दोन्हींतला सारखा आवाज वजा होतो. मुलांनी वायर ओढल्यावर हाच बिघाड सर्वांत जास्त येतो, म्हणून जॅकमागे वायरीला गाठ किंवा क्लिप हवीच.

सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतात. गिऱ्हाइकांनी दुकानात वायर कापू देण्याआधी एवढंच विचारावं: आवाज कुठून घेणार? ‘स्पीकरमधून, थेट’ असं उत्तर आलं तर गाडी तिथे सोडू नये. आणि पुढे, चालवणाऱ्याच्या हाताला लागेल अशा जागी, जॅक बसवून देऊ नये ही आमच्या व्यवसायबंधूंना विनंती.

आपले,
कार ऑडिओ वायरिंगचं काम करणारे कारागीर, पुणे