जिवाणूचं नाव कळलं, पण आला कुठून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलाब-उलट्यांची साथ आली की बातमीच्या शेवटी 'पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत' हे वाक्य ठरलेलं. अहवाल आलाच, तर 'ई. कोलाय आढळला' एवढंच. पाण्यात ई. कोलाय सापडला म्हणजे मैला मिसळला हे खरं. पण हा जिवाणू धडधाकट माणसाच्या आतड्यातही असतो. रुग्णाच्या पोटातला आणि विहिरीतला जिवाणू एकाच वाणाचा आहे का, हे त्यातून कळत नाही.

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. जुलाबासारख्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात, तो हा आजार. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जिवाणू सापडला आणि वाद सुरू झाला, दोष पाण्याचा की अर्धवट शिजलेल्या चिकनचा? हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात एरवीही सुखाने नांदतो. त्यामुळे तो पोल्ट्रीत सापडला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

अशा घाईची किंमत 2011 मध्ये स्पेनच्या शेतकऱ्यांनी मोजली. जर्मनीत ई. कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी मे महिन्यात स्पॅनिश काकड्यांकडे बोट दाखवलं. काकड्यांवर ई. कोलाय होताही, पण वाण निराळा. रुग्णांमधला होता ओ104:एच4. खुलासा होईपर्यंत माल सडून गेला होता. खरा संशयित निघाला मोड आलेली मेथी, इजिप्तहून आलेल्या दाण्यांची. तिचा माग मात्र मुख्यतः हॉटेलात कोणी काय खाल्लं, याच्या चौकशीतून लागला. प्रयोगशाळा एकटीच सगळं उलगडते, असा माझा दावा नाही.

वाण ओळखायच्या पद्धतींतही डावं-उजवं आहे. पीएफजीई पद्धतीत डीएनएचे मोठे तुकडे करून जेलवर पट्टे उमटवतात. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांच्या पल्सनेट या जाळ्याने 1996 पासून याच पट्ट्यांवर कित्येक साथी पकडल्या. पण साल्मोनेला या जुलाबाच्याच दुसऱ्या जिवाणूच्या काही प्रकारांत बहुतेक नमुन्यांचे पट्टे सारखेच दिसतात. उलट कॅम्पिलोबॅक्टरच्या डीएनएची इतकी उलथापालथ होते की सख्खी भावंडंही परकी वाटावीत. एमएलएसटी पद्धत सात जनुकं वाचते. निकाल कुठल्याही देशाशी ताडून पाहता येतो आणि वाण कोंबड्यांत जास्त आढळणारा की गुराढोरांत, याचा अंदाज येतो. पण कॅम्पिलोबॅक्टरच्या डीएनएतल्या सुमारे 16 लाख अक्षरांपैकी ही सात जनुकं मिळून जेमतेम 3,300 अक्षरं वाचली जातात. म्हणजे पिनकोड मिळाला, घर नाही. घरापर्यंत जायचं तर पूर्ण जिनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचावा लागतो. पल्सनेटनेही 2019 मध्ये तीच वाट धरली. करोनाकाळात 'जिनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला, यंत्रं आली, हात तयार झाले. ती सोय जुलाबाच्या साथीसाठी का वापरू नये?

खरी अडचण त्याच्या आधीच आहे. आजकाल मोठ्या रुग्णालयांत पीसीआर पॅनेलवर, म्हणजे जिवाणू न वाढवता थेट त्याचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीवर, काही तासांत जिवाणूचं नाव कळतं. उपचारासाठी ते उत्तमच, पण जिवाणू वाढवून ठेवलाच नाही, तर पुढे जिनोम वाचायचा कशाचा? त्यात कॅम्पिलोबॅक्टर भारी नखरेल. 42 अंशांच्या आसपास तापमान आणि कमी ऑक्सिजन मिळाला तरच नीट वाढतो, तेही साधारण दोन दिवसांनी. शिवाय गुइलेन-बॅरेची लक्षणं जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर बऱ्याचदा शौचात जिवाणू उरलेलाच नसतो. म्हणून नमुना जुलाब सुरू असतानाच घ्यायला हवा.

महापालिका आणि आरोग्य खात्याने पावसाळ्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. साथीच्या भागातल्या रुग्णालयांना कल्चर, म्हणजे नमुन्यातला जिवाणू वाढवणं, बंधनकारक करावं. रुग्ण, पाणी आणि चिकन या तिन्हींतून वाढवलेले जिवाणू उणे 80 अंशांवर जपून ठेवावेत. आणि त्यांचे जिनोम एकाच ठिकाणी ताडून निष्कर्ष जाहीर करावा, विहिरीला किंवा पोल्ट्रीला सील ठोकण्याआधी.

आपला,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे