बालवाचन गट, इंदूर : पालकांना आठवण

नमस्कार. रविवारी पोहे-जिलेबी आटोपली की मुलांना घेऊन नेहमीच्या जागी या. घरातलं एक चित्रांचं पुस्तक सोबत असू द्या.

तोवर रोज दहा मिनिटं मांडीवर घेऊन, शब्दाखाली बोट फिरवत वाचा. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर कंटाळू नका, पाठ झालेल्या ओळीतच अक्षरं ओळखू येतात. आपली मुलं शाळेत हिंदी वाचतात. लिपी ओळखीची, पण 'ळ' तिथे भेटत नाही. मागच्या वेळी एका चिमुरडीनं 'पोळी'ला 'पोली' वाचलं. बाळ, केळं, फळा मोठ्यानं म्हणून घ्या. 'चहा' आणि 'चूल' यांतला च वेगळा, हेही आधी कानालाच कळतं. गिरवण्याची घाई नको, भेंड्या खेळा.

आजी-आजोबांनाही जरूर आणा.